‘फ्लॉवर्स’ बघावी का? या ब्रिटिश मालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

इंग्लंडमधलं एक जुनं, पडझड झालेलं, पसाऱ्यानं भरलेलं घर. त्यात फ्लॉवर्स आडनावाचं कुटुंब राहतं. मॉरिस हा लहान मुलांसाठी ‘ग्रब्ज’ नावाच्या विचित्र प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा लेखक. त्याची बायको डेबरा संगीत शिकवते. पंचविशीतली जुळी मुलं, डोनाल्ड आणि एमी, अजून आईवडिलांकडेच राहतात. डोनाल्ड स्वतःला संशोधक समजतो, एमी संगीत रचते, आणि दोघांचंही शेजारच्या ॲबिगेलवर मन आहे. मॉरिसची म्हातारी आई हॅटी घरातच आहे, तिला आता फारसं काही आठवत नाही. शिवाय मॉरिसच्या पुस्तकांची चित्रं काढणारा जपानी तरुण शुन त्यांच्याकडे राहतो.

पहिल्याच प्रसंगात मॉरिस जीव द्यायला बागेत जातो. झाडाची फांदी तुटते, तो खाली पडतो, उठतो आणि घरात परत येतो. घरात कुणालाच काही सांगत नाही. आत डेबरा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या तयारीत आहे. पुढचे सगळे भाग या न सांगितलेल्या गोष्टीभोवती फिरतात.

कुणी बनवली, कधी दाखवली, किती भाग आहेत?

लेखन आणि दिग्दर्शन विल शार्पचं. शुनची भूमिकाही त्यानंच केली आहे. पहिला सीझन ब्रिटनच्या चॅनल फोरवर एप्रिल २०१६मध्ये आला, दुसरा जून २०१८मध्ये. दोन्ही वेळा आठवड्याला एक भाग असं न करता एकाच आठवड्यात पूर्ण सीझन दाखवला. प्रत्येक सीझनचे सहा भाग, म्हणजे एकूण बारा. एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. दोन सुट्टीच्या दिवसांत सगळं संपतं. पण तसं संपवू नका, कारण पुढे येईलच.

मॉरिस झालाय जुलियन बॅरॅट, डेबरा ऑलिव्हिया कोलमन, डोनाल्ड डॅनियल रिग्बी आणि एमी सोफिया डी मार्टिनो. कोलमनला पुढे २०१९मध्ये ‘द फेव्हरिट’साठी ऑस्कर मिळालं आणि जगभर तिचं नाव झालं. संगीत विलच्या भावाचं, आर्थर शार्पचं.

हिला कॉमेडी का म्हणतात? मला तर एकदाही हसू आलं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्याचं काही चुकतंय असं मला मुळीच वाटत नाही.

आपल्याला विनोदाची एक चाल सवयीची असते. पात्र काहीतरी बोलतं, मागून हशा पिकतो, मग पुढचं वाक्य. ‘फ्लॉवर्स’मध्ये मागून कुणी हसत नाही. विनोदाच्या जागेवर बोट ठेवून कुणी दाखवत नाही. एकाच प्रसंगात एका बाजूला कुणीतरी रडवेलं झालेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी अत्यंत मूर्खपणाचं वागत असतं. दोन्ही खरंच असतं. बघणाऱ्यानं कुठे बघायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं.

मला हसू कुठे आलं ते सांगतो. डेबराला कळतंय की नवरा काहीतरी लपवतोय. तिचं मन तिला खरं सांगतंय. पण काय लपवतोय याचा तिनं बांधलेला अंदाज साफ चुकीचा आहे. तिला वाटतं, मॉरिसचं आणि शुनचं गुपचूप प्रेमप्रकरण चालू आहे. मग ती समंजस, आधुनिक बायको व्हायचं ठरवते. मी सगळं समजून घेईन, मला वाईट वाटणार नाही, असं ती त्याला निरनिराळ्या मार्गांनी सुचवत राहते. आणि ज्याला मरावंसं वाटतंय असा तो माणूस, ही कशाबद्दल बोलतेय हेच न कळून तिच्याकडे बघत राहतो. मी हसलो, अगदी मोठ्यानं. आणि हसू ओसरायच्या आत पोटात कालवलं, कारण ही बाई जीव तोडून त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतेय आणि चुकीच्या दारावर थाप मारतेय.

प्रेमानं विचारलेला चुकीचा प्रश्न. माझ्या मते सगळी मालिका त्यावरच उभी आहे.

आमच्या घरी एक काका होता. त्याला काय झालंय हे कुणी कधी नाव घेऊन बोललं नाही. ‘त्याची तब्येत बरी नसते’ एवढंच. सकाळी तो चहा बशीत ओतायचा आणि साय धरेपर्यंत नुसता बघत बसायचा. आजी रोज विचारायची, “साखर कमी पडली का रे?” तो म्हणायचा, “नाही, बरोबर आहे.” मग आजी उद्या अर्धा चमचा साखर जास्त घालायची. वर्षभरात तो चहा पाकासारखा गोड झाला होता. आम्ही मुलं त्यावर हसायचो. आज ती आठवण आली की हसूही येतं आणि डोळेही भरतात. अशी एखादी आठवण तुमच्याकडे असेल तर ही कॉमेडी का आहे ते मला समजावून सांगायची गरज नाही. नसेल, तर तुम्हाला ती निव्वळ उदास मालिका वाटेल, आणि तेही मत खरंच आहे.

पहिला भाग फार संथ वाटला. पुढे वेग येतो का?

थोडा. पहिल्या भागात माणसांची ओळख आणि बराच पसारा आहे, त्यामुळे कुणाच्या बाजूनं बघायचं ते ठरत नाही. मीही पहिल्यांदा पहिल्या भागानंतर बंद केली होती आणि काही महिन्यांनी परत लावली. निदान तिसऱ्या भागापर्यंत थांबा. तोवर शुन, डोनाल्ड आणि शेजारपाजारची माणसं आपली वाटायला लागतात. तिथवरही मन लागलं नाही तर खुशाल सोडून द्या.

आत्महत्येवर विनोद करणं बरोबर आहे का?

यावर प्रेक्षकांमध्ये सरळ दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, ज्या घरानं हे भोगलंय त्या घरातल्या माणसाला सुरुवातीचा प्रसंग बघून काय वाटेल याचा विचार व्हायला हवा होता. दुसरी बाजू म्हणते, ज्यांनी हे भोगलंय त्यांनाच पहिल्यांदा पडद्यावर आपलं घर दिसलं.

मला दोन्ही बाजूंची माणसं माहीत आहेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी सुरुवातीची पाच मिनिटं बघून टीव्ही बंद केला. नंतर त्या म्हणाल्या, “मला त्यात काय हसायचं ते कळायची इच्छाच नाही.” त्यांच्या घरी जे घडलं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मी पुढे एक अक्षर बोललो नाही. त्यांना मालिका समजली नाही असं कुणी म्हणालं तर मला राग येईल.

तरीही माझं मत मालिकेच्या बाजूनं आहे. मॉरिसच्या यातनेची इथं कुठेही टिंगल नाही. हसू येतं ते त्याच्या भोवतीच्या धांदलीचं. त्याला सगळ्यात जास्त त्रास जीव नकोसा झाल्याचा होतो की ते बायकोला सांगायचं आहे याचा होतो, हा प्रश्न मालिका प्रामाणिकपणे विचारते. बॅरॅटनं ही भूमिका जवळजवळ न बोलता केली आहे. तोंड उघडायचं, शब्द घशापर्यंत आणायचे आणि “काही नाही” म्हणून गिळायचे. ज्यानं हे जवळून पाहिलंय तो ते ओळखेल.

आपल्या भाषेकडेच बघा. ‘त्यानं जिवाचं बरंवाईट केलं’ असं आपण म्हणतो. त्यात ‘बरं’ काय होतं? ते उच्चारायला नको म्हणून शब्दाभोवती पदर गुंडाळायची ही पद्धत. ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘मन लागत नाही’, ‘बाहेरचं काहीतरी असेल’. इंग्रजीतल्या फ्लॉवर्स कुटुंबाकडे त्यांचे असेच पदर आहेत.

कायद्याची एक गोष्टही इथं सांगायला हवी. इंग्लंडमध्ये १९६१च्या कायद्यानं आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५नं असं मानलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो आणि त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. तो कायदा लागू झाला २९ मे २०१८ला. ‘फ्लॉवर्स’चा दुसरा सीझन ब्रिटनमध्ये दाखवला गेला त्याच्या काही दिवस आधी. म्हणजे आपल्याकडे हा विषय गुन्ह्याच्या खात्यातून आजाराच्या खात्यात यायला किती उशीर झाला ते लक्षात येईल.

शुनचं पात्र जपानी माणसांची खिल्ली उडवतं, असं बरेच जण म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

सुरुवातीला हा आक्षेप अगदी रास्त वाटतो. शुन मोडकं इंग्रजी बोलतो, सतत कमरेत वाकतो, मॉरिसला आदरानं ‘मिस्टर फ्लॉवर्स’ म्हणतो, नको तेव्हा नको ते अतिशय निष्पापपणे बोलून जातो. ब्रिटिश टीव्हीवर परदेशी माणसाच्या उच्चारांवर हसण्याची परंपरा जुनी आहे आणि तिनं पुष्कळांना दुखावलं आहे. लंडन किंवा लेस्टरमध्ये वाढलेल्या आपल्या माणसांना विचारा, आईवडिलांच्या इंग्रजीवर शाळेतली मुलं कशी हसायची ते सांगतील. तेव्हा शुनला बघून एखाद्याच्या कपाळाला आठी पडली तर ती विनाकारण नाही.

आता दुसरी बाजू. विल शार्पची आई जपानी आहे. त्याचं लहानपण आठ वर्षांचा होईपर्यंत टोकियोत गेलं. हे पात्र त्यानं स्वतः लिहिलं आणि स्वतः केलं. नुसत्या एवढ्यानं आक्षेप मिटत नाही. आपल्याच माणसांची खिल्ली आपणही उडवू शकतो. आक्षेप मिटतो तो पुढच्या लेखनानं. पहिल्या सीझनमध्येच कळतं की हा सतत हसतमुख माणूस घरच्यांना गमावून इथे आला आहे. ते तो ज्या साधेपणानं सांगतो, त्यानंतर त्याचं पहिलं हसणं, वाकणं, सगळ्यांच्या पुढेपुढे करणं वेगळं दिसायला लागतं. ज्याला स्वतःचं घर राहिलं नाही तो दुसऱ्याच्या मोडक्या घराला चिकटून बसलाय, आणि त्या घरातल्या कुणालाही त्याच्याकडे नीट बघायला सवड नाही.

आपणही त्याच्यावर हसण्यात रमलो होतो. ते मालिकेला माहीत असतं आणि ती ते आपल्याला जाणवू देते. काहींना हा न्याय वाटतो, काहींना हातचलाखी. मला न्याय वाटतो.

डेबराबद्दल मतं इतकी टोकाची का आहेत?

कारण ती आपल्या ओळखीची असते.

एक गट म्हणतो, किती सहन करते बिचारी. दुसरा म्हणतो, हिच्यामुळेच घर गुदमरलंय. कोलमननं हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर आणलंय. तिचं हसू बघा. मॉरिसनं दुखावणारं काही म्हटलं की हसू जात नाही, तसंच राहतं, फक्त डोळे त्यातून बाहेर पडतात. आवाज एक पट्टी वर चढतो. “छान! छान, काही हरकत नाही.” मग ती काहीतरी उचलायला, पुसायला, कुणाला तरी खायला द्यायला वळते. मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन बघितला. माझ्या आईला मी ओट्यापाशी असंच वळताना पाहिलंय.

दुसऱ्या सीझनमध्ये डेबरा नैराश्यानं ग्रासलेल्या नवऱ्याबरोबर राहण्यावर पुस्तक लिहिते. इथे प्रेक्षकांची खरी भांडणं सुरू होतात. आजार त्याचा, पण भोगलं तिनंही. मग ती गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा? मॉरिसला उघडं पडल्यासारखं वाटतं. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. मालिका निकाल देत नाही, आणि मी इतक्या वेळा विचार करूनही देऊ शकलो नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना आपण ‘तुझं किती कौतुक’ म्हणतो आणि विषय बदलतो. डेबराला कौतुक नको होतं.

पहिला सीझन चांगला की दुसरा?

पहिला जास्त घट्ट आहे. पानगळीचे मळकट रंग, बंद घर, एक न सांगितलेली गोष्ट. दुसऱ्यात रंग उजळ होतात, वेग वाढतो, कथा चारी दिशांना धावते. पहिल्यात मॉरिसचं नैराश्य होतं, दुसऱ्यात एमीचा आजार वर येतो आणि तो उलट्या बाजूचा आहे. झोप उडालेली, डोक्यात कल्पनांची गर्दी, आपल्याला काहीतरी प्रचंड सापडलंय अशी खात्री. ती घराण्यातल्या एका पूर्वजाच्या मागे लागते आणि त्याच्यावर संगीत रचायला घेते.

“दुसरा सीझन फार गोंधळाचा आहे,” ही तक्रार नेहमी येते. माझं म्हणणं, तो गोंधळ मुद्दाम आहे. उन्मादाच्या काळात माणूस आतून कसा असतो ते बाहेरून शांतपणे दाखवता येत नाही. विल शार्पनं आपल्याला द्विध्रुवीय विकाराचा (बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) दुसरा प्रकार असल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. एमीचं लेखन वाचीव माहितीवर झालेलं नाही हे दिसतं. विशेषतः एक गोष्ट. उन्मादात एमी सुखी असते. तेजस्वी असते, धीट असते, तिच्या हातून खरंच चांगलं संगीत निघतं. घरच्यांना भीती वाटते आणि तिला वाटतं, शेवटी मी बरी झाले तर तुम्ही मला मागे ओढताय. औषधं नको म्हणणाऱ्या माणसाशी ज्यांनी रात्र रात्र वाद घातलाय त्यांना हे ऐकून काय होईल ते मी सांगायला नको.

बहुतेकांचं मत पहिल्याच्या बाजूनं पडतं. मला सुबक पहिला वाटतो, पण मनात राहिला तो दुसरा.

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागावरून एवढा वाद कशासाठी?

शेवट इथे उघड करत नाही. एवढंच सांगतो की तो भाग कुटुंबाला बाजूला ठेवून शुनकडे जातो. काही प्रेक्षकांना वाटलं, आमच्या फ्लॉवर्स मंडळींचा निरोपच नीट झाला नाही. काहींना तोच भाग सगळ्या मालिकेतला सर्वोत्तम वाटतो. मी या दुसऱ्या गटातला. अकरा भाग आपण ज्यांच्या दुःखात बुडालो होतो ती माणसं निदान एकमेकांची होती.

तो भाग रात्री एकट्यानं बघू नका.

यात आणि ‘फ्लीबॅग’मध्ये काय फरक?

दोन्ही २०१६च्या ब्रिटिश मालिका. ‘फ्लॉवर्स’ एप्रिलमध्ये आली, ‘फ्लीबॅग’ जुलैमध्ये बीबीसी थ्रीवर. कोलमन दोन्हींत आहे. तिथे ती गोड बोलून नख लावणारी धर्ममाता (गॉडमदर) आहे, इथे डेबरा. ‘फ्लीबॅग’ची नायिका थेट आपल्याशी बोलते, त्यामुळे आपण तिच्या आत असतो. ‘फ्लॉवर्स’मध्ये आपल्याशी कुणी बोलत नाही. दोन्ही मालिकांना ब्रिटनमधल्या २०१७च्या बाफ्टा टीव्ही पुरस्कारात विनोदी मालिकेच्या गटात नामांकन होतं, पण पुरस्कार तिसऱ्याच मालिकेला गेला.

ब्रिटिशांना घरगुती भांडणात एवढा विनोद का सापडतो?

तिथे याची मुळं फार खोल आहेत. ‘स्टेप्टो अँड सन’ १९६२ला बीबीसीवर आली. लंडनमधले भंगार गोळा करणारे बापलेक. मुलाला तिथून निघायचंय, बाप त्याला निघू देत नाही, आणि मुलाचीही निघायची खरी ताकद नाही. लोक पोट धरून हसत आणि भागाच्या शेवटी गप्प होत. साठच्या दशकातच ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधला आल्फ गार्नेट आला, घरच्यांवर खेकसणारा, परक्यांचा द्वेष करणारा. लेखकाला त्याच्यावर हसायचं होतं, पण पुष्कळ प्रेक्षक त्याच्या बरोबरीनं हसू लागले. शुनबद्दल आज जो वाद होतो त्याची मुळं तिथे आहेत. विनोद कुणावर आहे हे लेखक ठरवतो, पण हसणारा वेगळंच काही ठरवू शकतो.

मग १९९८ची ‘द रॉयल फॅमिली’. एक कोच, एक टीव्ही, मँचेस्टरचं रॉयल आडनावाचं कामगार कुटुंब आणि त्यांच्या निरर्थक गप्पा. मागून हशा नाही. २००६च्या एका विशेष भागात त्यांची म्हातारी नाना आजारी पडून जाते, आणि तेच सोफ्यावरचे आळशी लोक तिची सेवा कशी करतात ते बघताना मी ढसाढसा रडलोय. ती मात्र प्रेमळ मालिका. तिथल्या माणसांना एकमेकांजवळ बसणं जमतं. फ्लॉवर्स मंडळींना तेवढंच जमत नाही.

चॅनल फोरचाही यात वाटा आहे. १९८२ला सुरू झालेली ही वाहिनी मालकीनं सार्वजनिक आहे, पण चालते जाहिरातींवर. इतर वाहिन्या दाखवणार नाहीत असं नवं, वेगळं काही दाखवणं ही तिच्यावर कायद्यानं टाकलेली जबाबदारी आहे. ‘फ्लॉवर्स’सारख्या मालिकेला असं घर लागतं.

घरच्यांसोबत बसून बघता येईल का?

लहान मुलांसोबत नाही. शिव्या आहेत, लैंगिक प्रसंग आणि बोलणी आहेत, मृत्यू आहे. ब्रिटनमध्ये रात्री नऊनंतरच दाखवायचा हा माल. सासू-सासऱ्यांसोबत बघायची की नाही हे तुमच्या घरावर अवलंबून. भावंडांसोबत मात्र जरूर बघा. मी बहिणीबरोबर बघितली. पाचव्या भागानंतर तिनं रिमोट खाली ठेवला आणि काकाचं नाव काढलं. आमच्यात तो विषय वीस वर्षांत निघाला नव्हता.

इंग्रजी समजायला अवघड आहे का?

थोडं. पात्रं पुटपुटतात, वाक्यं अर्धवट सोडतात, शुनच्या बोलण्यातली मजा शब्द नेमके कळल्याशिवाय येत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मॉरिसच्या ‘ग्रब्ज’मधल्या ओळी यमकात येतात, त्याही सुटू देऊ नका. बालगीतासारख्या वाटतात, पण त्या भागात घरात काय जळतंय ते त्यातच सांगितलेलं असतं. इंग्रजी सबटायटल्स लावून बघा. मालिका कुठल्या ॲपवर आहे ते मात्र आधी शोधून घ्या, हक्क एका ठिकाणाहून दुसरीकडे जात असतात.

मी स्वतः सध्या बऱ्या मनःस्थितीत नाही. मी बघू का?

आत्ता नको. मालिका कुठे पळून जात नाही. तिच्यात धीर आहे, पण त्या धीरापर्यंत पोचायला बऱ्याच अंधारातून जावं लागतं आणि तो रस्ता एकट्यानं चालायचा नाही.

मनात जिवाचं काही करून घ्यायचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. घरी सांगणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ब्रिटनमध्ये राहत असाल तर ‘समॅरिटन्स’चा नंबर ११६ १२३, तोही दिवसरात्र आणि मोफत. फोन उचलणाऱ्याला पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे असं काही नाही. “बरं वाटत नाही” एवढं पुरतं.

आणि घरात कुणाबद्दल तशी शंका येत असेल तर आडून आडून विचारू नका. साखर कमी पडली का, हा प्रश्न नका विचारू. “तुला मरावंसं वाटतं का?” असं सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

दुसऱ्यांदा बघण्यासारखी आहे का?

हो, आणि दुसऱ्यांदा बघताना मोठ्या भांडणांकडे बघू नका, ती आता पाठ असतात. चौकटीच्या कडेला बघा. स्वयंपाकघरात सगळे एकमेकांवर ओरडत असतात तेव्हा शुन कुठे उभा आहे, हातात काय धरून उभा आहे आणि कुणाकडे बघतोय, ते बघा.